तिच्या पुस्तकावर आमची मतं

पुस्तकाचं नाव सांगायचं नाही, हा नियम माझा. नाव फुटलं की बाकीच्या दुसऱ्याच दिवशी वाचनालयात धावायच्या, आणि माझं पुस्तक अर्ध्यावर असताना शेवट माझ्या तोंडावर मारायच्या. म्हणून ठरलं, गुरुवारी दुपारी जमायचं, सध्या काय वाचतेय त्याची गोष्ट वाचून झाली असेल तिथपर्यंतच सांगायची, बाकीच्यांनी मत द्यायचं, आणि नाव पुस्तक संपल्यावरच फोडायचं. भिशीसारखी पाळी एकेका घराची. जिच्याकडे पाळी तिने फक्त चहा करायचा, सोबत काही नाही, नाहीतर पुस्तकं राहतात बाजूला आणि चकल्यांची चढाओढ लागते. हाही नियम माझाच. नियम करायची तेव्हा मला फार हौस होती.

ऐंशीनंतरची वर्षं. घाटकोपरला डोंगराच्या अंगाला आमची तीन मजली चाळ, बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली आणि गिरणीच्या पगारावर जगणारी. त्यातल्या निम्म्यांच्या गिरण्या संपात बंद पडल्या त्या पडल्याच. भर दुपारी पुरुषमाणसं गॅलरीत बसलेली दिसायची, ते बघायची सवय व्हायला वेळ लागला. दुपार म्हणजे बायकांची, असा तोवर रिवाज होता.

कायमच्या आम्ही तिघी. एक मी, मॅट्रिक झालेली, चष्मा लावणारी. नंबर काही फारसा नव्हता, पण मत द्यायला चष्मा लागतो अशी माझी समजूत होती. दुसऱ्या, कोपऱ्यातल्या खोलीतल्या वयनी, मालवणकडच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्या मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडता निवडता गोष्ट ऐकायच्या. तिसऱ्या मास्तरीणबाई, म्युनिसिपालिटीच्या शाळेत सकाळी शिकवायच्या, दुपारी मोकळ्या. आणि चौथी नंतर आली ती वरच्या मजल्यावरची सून, विशीतली, कडेवर दोनेक वर्षांची मुलगी.

तिच्या हातात पुस्तक कधीच नसायचं. हे आत्ताच सांगून टाकते. शेवटी सांगून तुम्हाला चकवायचं नाही. चकायचं होतं तेवढं तेव्हा मी एकटीने चकून घेतलंय. ती सांगायची ती तिच्या घरातली गोष्ट होती. नायिका तीच. मत मागायची ते एवढ्यासाठीच, की त्या घरातून मुलीला घेऊन जिवंत बाहेर कसं पडायचं.

सरळ का नाही सांगितलं? चाळीत सरळ काही सांगता येत नाही. खोल्यांच्या मधल्या भिंती लाकडी, आणि आमच्या डोक्यावरच तिच्या सासूची खोली. घरातलं बाहेर गेलं तर बघ, असं नवऱ्याने बजावलेलं. पुस्तकाच्या बैठकीला मात्र सासूची ना नव्हती. बायका जमून पुस्तकातलं बोलतात म्हणजे कीर्तनाला बसल्यासारखंच, अशी त्या माउलीची कल्पना असावी.

तर ती भिंतीला टेकून बसायची, मुलीला मांडीवर झोपवायची आणि हळू आवाजात सांगायची. 'माझ्या पुस्तकात एक सून आहे. तिचं लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवऱ्याची गिरणी बंद पडली. सासू म्हणते, ही पांढऱ्या पायाची.'

'जुनंच की,' मी म्हणायची. 'शंभर कथांत आलंय.'

दुसऱ्या गुरुवारी, 'सून जेवायला बसली की सासू ताट उचलते. म्हणते, कमावणारा घरी बसलाय, तू कसली गिळतेस.'

'अतिरंजित,' मी म्हणायची. अतिरंजित हा शब्द मला नुकताच सापडला होता, आणि तो वापरायला मी जागा शोधत असायची.

मास्तरीणबाई विचारायच्या, 'मग ती सून खाते कधी?' आणि वयनी काही न बोलता आत जाऊन तिच्यासमोर भाकरी-कालवण आणून ठेवायच्या. चहाशिवाय काही द्यायचं नाही या माझ्या नियमाचा तो उघड भंग होता. एकदा मी हटकलंसुद्धा. वयनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर तिला तिथेच उमगलं असतं. मी म्हटलं, बरं, या वेळेपुरतं.

एका गुरुवारी ती आली ती उजव्या हाताला चिंधी बांधून. 'कुकरची वाफ लागली,' म्हणाली. गोष्ट सांगायला लागली तेव्हा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता.

'पुढे त्यांच्याकडे गॅस येतो. दोन शेगड्यांचा. पण सासू रॉकेलचा डबा काढत नाही. मोरीत ठेवते. भरलेला. सून विचारते, आता स्टोव्ह पेटवत नाही तर रॉकेल कशाला? सासू म्हणते, लागतं कधीतरी.'

वयनींचं सूप थांबलं. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, 'इथे लेखकाची ढळढळीत चूक झालीय. गॅसवाल्यांना रेशनवर एवढं रॉकेल देतं कोण? लेखकाने रेशनच्या दुकानाचं तोंड पाहिलेलं दिसत नाही.'

'दुसऱ्यांच्या कार्डावर आणते, ताई,' ती म्हणाली. 'तसं लिहिलंय.'

'हां. मग ठीक आहे,' मी म्हटलं. समाधान झालं माझं.

आज त्या बाईकडे, म्हणजे त्या वेळच्या माझ्याकडे, बघते तेव्हा वाटतं, तिच्या नाकावरचा तो चष्मा काढावा आणि मोरीतच ठेवावा. पण ती भलतीच रंगात आली होती. नायिका दुबळी आहे, नवरा नुसताच बसलेला दाखवलाय, त्याच्या मनात काय चाललंय ते येत नाही, असं बरंच बोलली. 'नवरा बघत असतो,' ती सून मधेच म्हणाली. 'काही करत नाही. फक्त बघतो.'

वयनींनी विचारलं, 'त्या सुनेचा माहेर खंय?'

'एक भाऊ आहे. दहिसरला, नदीपलीकडे खोली आहे त्याची. तो म्हणतो, सहन कर, दिवस पालटतील.'

'भावाचं पात्र कच्चं आहे,' मी.

मास्तरीणबाई म्हणाल्या, 'माझं मत असं, की तिने भावाला पुन्हा निरोप द्यावा. स्वतः नाही, कुणातरी मोठ्या माणसाकडून. आणि रॉकेलचं नक्की सांगावं.'

तिने मान हलवली. मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि वर गेली. मला वाटलं, मास्तरीणबाई गोष्टीत फारच गुंतल्या.

दोन दिवसांनी सकाळी नळावर तिची सासू भेटली. उंच, काटक बाई, विधवा, कपाळ मोकळं आणि पाठ ताठ. माझ्याशी सहसा बोलायची नाही. त्या दिवशी आपणहून म्हणाली, 'काय गो, काय वाचता तुम्ही गुरुवारी? आमची तर हात हलवीत जाते नि हात हलवीत येते. पुस्तक काय मी बघितलं नाय कधी.'

कुणी मत विचारलं की मी पाघळायची. त्यात ही बाई, जी कुणाला विचारत नाही, ती मला विचारतेय. म्हटलं, 'अहो मावशी, फार छान सांगते ती. आणि खरं सांगू, सुनेपेक्षा सासूचं पात्र सरस उतरलंय.' मग सगळं सांगितलं. उचललेलं ताट सांगितलं. मोरीतला डबा सांगितला, 'लागतं कधीतरी' हे वाक्य तर सासूच्या आवाजात म्हणून दाखवलं. तिची कळशी भरून वाहायला लागली तरी तिने ती हलवली नाही. आमच्याकडे पाणी तासभर यायचं, थेंबही कुणी वाया घालवत नसे. मी आपली सांगतेय.

'बरं आहे पुस्तक,' ती म्हणाली आणि कळशी उचलून गेली.

वयनींच्या दारावरून जाताना मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, 'वरच्या मावशींनासुद्धा आवडली गोष्ट.'

वयनी चुलीपाशी वाकल्या होत्या त्या सरळ झाल्या. 'तू तिका सांगलंस?'

'हो. का?'

त्यांनी मला हाताला धरून आत ओढलं आणि दार लावलं. 'गो बाय माझे, ता पुस्तक नाय गो. ती आपलीच गजाल सांगता.'

मला पहिली गोष्ट काय सुचावी? 'तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंत?'

'तुजो आवाज,' वयनी म्हणाल्या. 'सगळ्या चाळीक ऐकाक जाता.'

त्याच दिवशी दुपारी वयनी आणि मास्तरीणबाई पोलीस चौकीवर जाऊन आल्या. तिथल्या माणसाने विचारलं, 'काय झालंय?' बाई म्हणाल्या, 'अजून झालं नाही.' तो म्हणाला, 'मग झालं की या.' चेष्टेने नव्हे, समजावल्यासारखं म्हणाला. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, दुसऱ्याच्या घरात आपण पाय घालू नये. वरून काही आवाजही येत नव्हता. ते आवाज न येणंच ऐकत मी छताकडे बघत बसायची.

पुढच्या गुरुवारी वयनींकडे बैठक होती. दारात सासू आली. कडेवर नात. 'आमचीला बरं नाय. तिच्या बदली मी बसते.'

बसली. नातीला मांडीत घेतलं, तिच्या हातात बिस्किट दिलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. नियमाप्रमाणे कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. तीच म्हणाली, 'मी कुठली शिकलेली? पण ऐकलेलं सांगते. चालेल ना?'

'सांगा,' मास्तरीणबाई म्हणाल्या.

'एक सून होती. घरातलं उचलायची नि शेजारणींना जाऊन सांगायची. शेजारणी तिला शहाणपण शिकवायच्या. एके दिवशी ती स्टोव्ह पेटवायला बसली नि पदर पेटला. शेजारणी धावल्या बादल्या घेऊन. पण कडी आतून होती.' तिने नातीच्या तोंडावरचा चुरा पुसला. 'झालं. संपलं माझं पुस्तक. आता मतं सांगा.'

वयनींचा हात तांदळात तसाच होता. मास्तरीणबाईच म्हणाल्या, अगदी शाळेतल्या आवाजात, 'गोष्ट ऐकली. पुढचा गुरुवार तुमच्या घरचा. पाळी तुमची आहे.'

पाळी नाकारता येत नाही. चाळीत ज्या घरी पाळी नाकारली त्या घरी हळदीकुंकवालासुद्धा कुणी जात नाही, आणि त्या बाईला आपल्या घराची अब्रू जिवापेक्षा प्यारी होती. तिने नातीला कडेवर घेतलं. मग म्हणाली, 'या.'

मधल्या रविवारी मास्तरीणबाई दहिसरला गेल्या. भावाच्या खोलीत बसून राहिल्या. तो नाही नाही म्हणत होता, बायको आडून बोलत होती, घर एवढंएवढंसं. बाई उठल्या नाहीत. रॉकेलचं सांगितलं, तेव्हा कुठे संध्याकाळी तो हो म्हणाला.

गुरुवारी आम्ही वर गेलो. नवरा घरी नव्हता. दुपारी तो नाक्यावर पत्ते खेळायला जायचा. खोली लख्ख. गॅसच्या कट्ट्याशी ती उभी होती, पाठमोरी, चहाचं आधण ठेवलेलं. वळली तेव्हा दिसलं, ओठ सुजला होता आणि केस कानापाशी कापले होते, वेडेवाकडे. मोरीच्या कोपऱ्यात तो डबा. वर पाट झाकलेला. डब्याबद्दल मी इतकी मतं दिली होती, आणि तो पाहत होते पहिल्यांदाच. निळा होता.

सासू दारापाशी बसली, उंबऱ्याला टेकून, मांडीत नात. बाहेर जायचं तर तिला ओलांडून जावं लागणार.

मास्तरीणबाईंनी सुरुवात केली. 'माझ्या पुस्तकात नायिकेचा भाऊ येतो. खाली कोपऱ्यावर रिक्षा घेऊन उभा आहे. चार वाजेपर्यंत थांबणार आहे.'

'मुलीला घेऊन येऊ दे म्हणतो?' कट्ट्यापाशी उभी होती तिने विचारलं.

'दोघींना घेऊन जातो म्हणतो.'

सासूने नातीभोवतीचा हात घट्ट केला. 'माझ्या पुस्तकात,' ती म्हणाली, 'सुनेला जायचं तर जाऊ दे. वाट मोकळी आहे. नात मात्र आमच्या घरची.'

वयनी उठल्या. सासू बसल्या जागेवरून म्हणाली, 'हात लावून बघ. आत्ता सगळी चाळ जमवते. पोर पळवायला आल्या म्हणून सांगते. नाक्यावरून तिच्या बापसाला बोलावणं धाडते. तो आला की मग कोण कुठे जातं बघूया.'

ते खरं होतं. वयनी उभ्याच राहिल्या. मुलगी बशीतल्या दुधात बिस्किट बुडवत होती. बिस्किट मोडून बशीत पडलं, ती ते बोटाने काढायला लागली.

ती सून आमच्याकडे वळली. वयनींकडे नाही, मास्तरीणबाईंकडे नाही. माझ्याकडे. 'ताई, तुमचं मत काय?'

आजवर मला मत नव्हतं असं कधी झालं नव्हतं. शेवटचं पान आधी वाचून मी अख्ख्या पुस्तकावर बोलले आहे. त्या क्षणी डोक्यात काही नव्हतं. निळा डबा होता, त्यावरचा पाट होता. मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

'जावं,' मी म्हटलं. 'उभ्या पावली जावं.'

'नि पोर?' सासूने विचारलं.

'पोर राहील,' मी म्हटलं. आवाज खाली ठेवायला पहिल्यांदा जमलं.

तिने गॅस बंद केला. सांडशीने भांडं उतरवून बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. दारापाशी आली, मुलीच्या डोक्याकडे हात नेला. सासूने खांदा फिरवून मुलीला आड घेतलं. मग तिने सासूचे पाय ओलांडले. तसं ओलांडून जाऊ नये म्हणतात. जिन्यावर चपला वाजल्या, आधी हळू, मग भरभर. मुलीने मान वर करून दाराकडे पाहिलं आणि पुन्हा बशीत बोट घातलं.

'चहा निवतोय,' सासू म्हणाली.

आम्ही तिघींनी चहा ओतून घेतला आणि बसून प्यायलो. रिक्षा लांब जाईपर्यंत त्या बाईला तिथून उठू द्यायचं नव्हतं. तिला ते कळत होतं. तीही बसून राहिली. चहात साखर बेताची होती. त्या घरात हात आखडून साखर घालायची सुनेला सवय लागली असणार.

संध्याकाळी नवरा आमच्या दारासमोर गॅलरीत उभा राहून शिव्या देत होता. कुणी मधे पडलं नाही. माझ्या नवऱ्याने दार लावलं आणि ते माझ्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. गुरुवारची बैठक त्यानंतर भरली नाही. मी वाचनालयात जायची, पुस्तक आणायची, पण त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

तिची खबर मास्तरीणबाईंकडून यायची. दहिसरला भावाच्या खोलीतच पडदा लावून राहते. एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागली. वकील केला. तारखा पडत राहिल्या. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ती तिला बघायला फाटकाशी येऊन उभी राहायची. सासूला कळलं, तर तिने नातीला मागच्या दाराने न्यायला सुरुवात केली. पुढे ती यायची बंद झाली. कामावरून सुट्टी मिळेना म्हणे, किंवा तेच बरं वाटलं असेल. मास्तरीणबाईंची बदली झाली, आणि खबरही थांबली.

मुलगी आमच्या डोळ्यांसमोर वाढली. दोन वेण्या, स्वच्छ गणवेश, पाठ आजीसारखी ताठ. आजीने तिला उपाशी ठेवलं नाही, तिच्यावर हात उचलला नाही. हे मला लिहायलाच हवं, कारण तेही खरं आहे. नातीच्या ताटात दूध-भात आधी, मग मुलाच्या. जिन्यात आम्ही दिसलो की मुलगी भिंतीला चिकटून वर जायची.

दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सातआठ वर्षांची असेल ती. मी बाजारातून येत होते, ती जिन्यात बसली होती, मांडीवर शाळेचं वाचनाचं पुस्तक उघडं. मी बाजूने जायला लागले तर म्हणाली, 'आजी सांगते, तुम्ही माझ्या आईला पळवून लावलं.'

पिशवी जड होती. मी ती पायरीवर ठेवली.

'हो,' मी म्हटलं.

तिला हे उत्तर अपेक्षित नसावं. तिने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. 'मग मला का नाही पळवलं?'

तिच्या आजीच्या नावाने बोटं मोडता आली असती. चौकीचं सांगता आलं असतं, भावाचं, तिच्या बापाचं. आठ वर्षांच्या पोरीला काय सांगतात? 'तुझ्या आजीने तुला घट्ट धरलं होतं,' मी म्हटलं. 'आम्हाला सोडवता आलं नाही.'

वरून आजीची हाक आली, तिच्या नावाने. ती उठली, फ्रॉक झटकला.

'अजून तशीच धरते,' म्हणाली, आणि वर गेली.